दारू सोडलेल्या माणसाला बसायला जागा हवी

मराठीतले ‘बसणे’ हे क्रियापद एके काळी अगदी निरुपद्रवी होते. दारात आलेल्याला ‘बसा’ म्हणावे, पूजेला बसावे, पंगतीत बसावे, मंडल करून बसावे. गेल्या काही दशकांत मात्र या साध्या शब्दाला एक निराळाच अर्थ येऊन चिकटला आहे. ‘शनिवारी बसू या का?’ असे कोणी विचारले, तर कशासाठी बसायचे हे विचारण्याची गरज आता कोणालाही भासत नाही. हा अर्थ वस्तीतल्या गुत्त्यावर जन्माला आलेला नाही. तो पदवीधरांच्या, नोकरदारांच्या, सुस्थितीत असलेल्या घरांतल्या बोलण्यातून आला. शब्दाचा अर्थ बदलतो, तेव्हा त्याआधी समाजाचे वर्तन बदललेले असते.

याच शब्दाशी निगडित असलेला माझा एक अपराध आज वाचकांसमोर मांडायचा आहे.

माझा एक पत्रकार मित्र आहे. त्याच्या अनुमतीने लिहितो आहे; परंतु त्याचे नाव लिहीत नाही. आम्ही दोघांनी एका दैनिकाच्या वृत्तविभागात अकरा वर्षे रात्रपाळ्या केल्या. मध्यरात्रीनंतर शेवटचे पान छपाईला गेले की ‘बसणे’ हा जणू कामाचाच भाग असे. मी दोन पेल्यांवर थांबत असे, त्याला थांबता येत नसे. माझे थांबणे हा माझा सद्गुण नव्हता आणि त्याचे न थांबणे हा त्याचा दुर्गुण नव्हता, हे समजायला मला फार वर्षे लागली. त्याची प्रकृती ढासळली, घरात रोजचे तंटे सुरू झाले, नोकरीवर गंडांतर आले. शेवटी पत्नीच्या आग्रहाने तो उपचारांसाठी दाखल झाला. परत आला तो निराळा माणूस होऊन. सकाळी फिरायला जाऊ लागला, मुलीचा अभ्यास घेऊ लागला. पाहता पाहता तेरा महिने झाले.

त्याच सुमारास माझ्या मुलाचे लग्न ठरले. लग्नाच्या आदल्या रात्री, हळदीचा कार्यक्रम आटोपल्यावर, गच्चीवर ‘तरुण मंडळींसाठी’ म्हणून जी व्यवस्था केली जाते, ती आमच्याकडेही केली होती. खर्च माझाच होता. तो एका कोपऱ्यात लिंबाचे सरबत घेऊन बसला होता. मी त्याच्यापाशी गेलो आणि म्हणालो, ‘‘अरे, आज माझ्या मुलाचं लग्न. माझ्या हातचा एक घे. एकानं काय होतंय?’’ त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पेला हातात घेतला.

त्या एका पेल्याने त्याचे आठ महिने नेले. नोकरी गेली. पत्नी मुलीला घेऊन माहेरी गेली. आणि मी त्या रात्री नशेत नव्हतो. पूर्ण शुद्धीवर होतो. हे विशेष नमूद केले पाहिजे.

गडकऱ्यांनी सांगितलेला दुसरा अर्धा भाग

महाविद्यालयात मराठी विषय घेतलेल्या माझ्या पिढीने राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ अभ्यासले आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. बालगंधर्वांची सिंधू पाहून महाराष्ट्र रडला. सुधाकराची वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते, अपमानाने तो पेटून उठतो आणि त्याच मनःस्थितीत तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो, एवढी कथा सर्वांच्या स्मरणात असते. परंतु या नाटकाचा उत्तरार्ध आपण सोयीस्करपणे विसरतो. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. पश्चात्तापाने शुद्ध होऊन तो काम मागायला आपल्या परिचयाच्या प्रतिष्ठितांकडे जातो. तेथे त्याच्या वाट्याला येतो तो नकार आणि उपहास. त्यानंतर तो पुन्हा पेल्याकडे वळतो आणि मग सर्वनाश होतो.

पहिला पेला तळीरामाने दिला हे खरे. दुसऱ्या पतनात मात्र हात होता तो सभ्य, निर्व्यसनी, इभ्रतदार माणसांचा. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण या नाटकावर अश्रू ढाळत आलो. पण दारू सोडून आलेल्या माणसाला दारात उभे करायचे की घरात बसवायचे, या प्रश्नाचे उत्तर समाज म्हणून आपण अद्याप दिलेले नाही. व्यसन लागू नये म्हणून आपण व्याख्याने देतो, फलक लावतो, शपथा घेतो. व्यसन सोडलेल्या माणसाचे पुढे काय, याविषयी मात्र आपल्याकडे ना व्यवस्था आहे, ना विचार.

निग्रहाचा प्रश्न की आजाराचा?

‘मनात आणले तर आज सोडेल’, हे मद्यपीच्या घरात सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य. ते अर्धसत्य आहे. मनात आणावे लागते, यात शंका नाही. परंतु दीर्घकाळ रोज पिणाऱ्याचे शरीर दारूवर अवलंबून झालेले असते. त्याने ती एकाएकी थांबवली, तर काही तासांतच हातांना कंप सुटतो, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसू लागतात, आणि वेळीच उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. म्हणूनच ‘खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ हा घरगुती उपाय धोक्याचा आहे. दारू थांबवण्याचे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत.

तितकाच धोकादायक दुसरा उपाय भिंतींवरच्या जाहिरातींतून घरोघर पोहोचला आहे. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ असे ते आश्वासन असते. हतबल झालेली पत्नी किंवा आई चहातून, भाजीतून ती पूड देत राहते. अशा पुडीत नेमके काय असते, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. दारूची शिसारी यावी म्हणून वैद्यकशास्त्रात डायसल्फिराम नावाचे औषध वापरतात. ते पोटात असताना दारू घेतली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो; क्वचित प्राणावरही बेतते. ते देताना रुग्णाला पूर्ण कल्पना द्यावी लागते आणि त्याची संमती घ्यावी लागते. ज्याला सोडायचे आहे त्याच्या नकळत व्यसन सुटत नाही. सुटते ते त्याच्या सहभागानेच.

‘थोडी घेतली तर प्रकृतीला बरी’ या समजुतीचाही निकाल लागला आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही.

एकाला दुसरा लागतो

मग व्यसन सुटते तरी कसे? याचे एक उत्तर १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन या गावी मिळाले. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस काही महिन्यांपूर्वी दारू सोडून व्यवसायाच्या कामासाठी त्या गावी आला होता. काम फसले. हॉटेलच्या दालनात तो एकटा होता आणि शेजारच्या बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. आपण आता पुन्हा पिणार, हे त्याच्या लक्षात आले. त्याने दूरध्वनी गाठला आणि ‘मला बोलण्यासाठी दुसरा एखादा मद्यपी हवा आहे’ म्हणून शोध सुरू केला. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. स्वतःला वाचवण्यासाठी दुसऱ्याला हात द्यायचा, या अनुभवातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. आपल्याकडेही तिच्या सभा वर्षानुवर्षे भरत आहेत. तेथे वर्गणीची सक्ती नाही, आडनाव विचारले जात नाही. ‘आजचा दिवस मी पिणार नाही’ एवढाच संकल्प तेथे केला जातो. आयुष्यभराची शपथ तेथे कोणी मागत नाही, कारण आयुष्यभराच्या शपथेचे ओझे दुबळ्या झालेल्या मनाला पेलत नाही, हे तेथल्या प्रत्येकाने अनुभवलेले असते.

महाराष्ट्रात हे काम आपल्या मातीत रुजवले ते पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर तरुणांच्या हाती पडू लागली, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी केवळ हळहळ व्यक्त केली नाही, तर अर्थसाह्य पुढे केले. आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये हे केंद्र उभारले. त्या १९९७ साली कर्करोगाने गेल्या. काम मात्र थांबले नाही. तेथल्या निवासी उपचारांचा काळ आहे पस्तीस दिवसांचा. पण खरी कसोटी छत्तिसाव्या दिवशी सुरू होते, हे त्या मंडळींनी ओळखले. म्हणूनच बाहेर पडलेल्यांचा पाठपुरावा करायचा, त्यांच्या पत्नींचाही गट करायचा, व्यसनातून मुक्त झालेल्यालाच नव्या रुग्णाच्या शेजारी बसवायचे, ही पद्धत तेथे घडली.

ही पद्धत आपल्याला नवखी वाटण्याचे कारण नाही. वारकरी संप्रदायात गळ्यात तुळशीची माळ घातली की माणूस मद्य आणि मांस सोडतो. माळ घालणे हा एकट्याचा निश्चय खरा. पण तो टिकतो तो सोबतीमुळे. एकादशीला भजनाला बसणारे चौघे असतात, आषाढीला बरोबर चालणारी दिंडी असते. माळकऱ्याला कोणी पेला पुढे करत नाही, कारण त्याच्या गळ्यातली माळ पाहून समोरचाच हात मागे घेतो. दारू सोडलेल्या माणसाला हेच संरक्षण लागते. गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनांतून दारूवर आसूड ओढले, ते ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्याही थेट काळजाला भिडले. कारण बाबा त्याच्याच भाषेत, त्याच्याच शेजारी उभे राहून बोलत. उपदेश आणि सोबत यांत हाच फरक आहे.

सरकारकडे बोट दाखवण्यापूर्वी

दारूचा विषय निघाला की सरकारकडे बोट दाखवण्याची आपली रीत आहे, आणि ते बोट अगदीच चुकीच्या दिशेला असते असे नाही. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने औषधी उपयोग वगळता मद्यबंदीसाठी प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व राज्याला घालून दिले. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी अधिनियम आजही अस्तित्वात आहे आणि त्याच कायद्याच्या आधाराने पिण्याचे परवानेही दिले जातात. चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हाही चर्चा झाली ती तिजोरीत किती हजार कोटींची भर पडणार याचीच. सरकार कोणत्याही रंगाचे असो, मद्याच्या महसुलाचा मोह कोणालाच सुटलेला नाही. दारू सोडणे माणसाला जितके अवघड, तितकेच ते शासनालाही अवघड जाते.

एक योगायोग मला विसरता येत नाही. २७ जानेवारी २०२२ या दिवशी अनिल अवचट पुण्यात निवर्तले. त्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. पुढे तीव्र विरोधामुळे तो अमलात आला नाही. पण दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत या दोन बातम्यांची गाठ पडली, तेव्हा आपल्या सार्वजनिक जीवनातली विसंगती एकाच दिवसात दिसून आली.

बंदीचा कायदा हवा की नको, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तेथे चोरटी दारू मिळते, असे टीकाकार म्हणतात. बंदी नसलेल्या मुंबईत, मालवणीत, जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, हेही तितकेच खरे. गावातल्या महिलांनी मतदान करून ‘बाटली आडवी’ केली की दुकान बंद करावे लागते, हा अधिकार मोलाचा आहे. तो जेथे बजावला गेला, तेथे तो घराघरांतल्या स्त्रियांच्या एकजुटीनेच बजावला गेला. परंतु दुकान बंद झाले तरी लग्नाच्या गच्चीवरची बाटली आडवी करायला कोणताही कायदा येणार नाही. ती आपणच आडवी केली पाहिजे.

आपल्याच अंगणात

आषाढ अमावास्येला आपल्या पूर्वजांनी दिव्यांची पूजा सांगितली. घरातले दिवे घासूनपुसून, कणकेचे दिवे करून श्रावणाच्या स्वागताला सज्ज व्हायचे, अशी ती दीप अमावास्या. तिला आज ‘गटारी’ म्हणतात आणि सुशिक्षित घरांतून त्या नावाच्या शुभेच्छा हसत हसत एकमेकांना पाठवल्या जातात. हे नाव आपल्याला कोणा परक्याने दिलेले नाही. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे मूर्ती आणि मागे झिंगलेला जमाव, हे दृश्यही आपणच निर्माण केले. सणांवर बाहेरून टीका झाली की आपण खवळून उठतो. सण आतून पोखरले जातात, तेव्हा मात्र ‘पोरं आहेत, चालायचंच’ म्हणतो.

सेवावस्तीत काम करणारे कार्यकर्ते दारूविषयी पोटतिडकीने बोलतात. मजुरी हातात पडण्याच्या दिवशी घरी काय घडते, हे त्यांनी पाहिलेले असते. परंतु वस्तीतल्या कष्टकऱ्याचे पिणे हे ‘व्यसन’ आणि आपल्या सोसायटीतल्या अधिकाऱ्याचे पिणे ही ‘आवड’, असा भेद आपण करणार असू, तर वस्तीने आपले का ऐकावे? तिथला माणूस रस्त्यावर पडतो म्हणून दिसतो. इथला माणूस बंद दारामागे पडतो, आणि त्याची पत्नी दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला हसतमुखाने येते. दुःख दोघींचे सारखेच. उलट वस्तीतली स्त्री निदान मोठ्याने रडू शकते. मध्यमवर्गीय स्त्रीला प्रतिष्ठेपायी तेही करता येत नाही.

मग करायचे काय? फार मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. आपल्या घरचे मंगलकार्य संपूर्णपणे, आदल्या रात्रीच्या गच्चीसह, मद्याविना करण्याचा निश्चय करावा. जो नको म्हणतो त्याला कारण विचारू नये आणि आग्रह तर मुळीच करू नये. जेवणात आग्रह ही आपली संस्कृती आहे, पेल्यात आग्रह हा अपराध आहे. उपचार घेऊन परतलेल्या शेजाऱ्याकडे पहिल्याच आठवड्यात जावे, त्याच्या आजाराविषयी नव्हे तर क्रिकेटविषयी बोलावे, आणि निघताना ‘उद्या सकाळी फिरायला येतोस का?’ एवढे विचारावे. संध्याकाळी सहा ते नऊ ही त्याची कठीण वेळ असते. त्या वेळी त्याच्या हाताला काम असेल, मैदान असेल, भजन असेल, ग्रंथालय असेल, असे पाहावे. ज्याच्या हाती काम देणे शक्य आहे, त्याने ते द्यावे. सुधाकराला परत पाठवणाऱ्यांच्या रांगेत उभे राहू नये. आणि तो पुन्हा घसरला तर ‘मी म्हटलेच होते’ हे शब्द गिळून टाकावेत. घसरणे हा या आजाराच्या वाटेवरचा अनेकांच्या वाट्याला येणारा भाग आहे. तेथेच वाट संपत नाही.

३१ डिसेंबरच्या रात्री चौकाचौकांत दूध वाटणारे तरुण मला मनापासून आवडतात. त्यांनी एवढेच करावे: त्या चौकात दूध प्यायला थांबलेल्यांपैकी एखाद्याचा पत्ता लिहून घ्यावा आणि १ जानेवारीच्या संध्याकाळी त्याच्या घरी जावे.

माझ्या मित्राविषयी सांगून थांबतो. त्या आठ महिन्यांनंतर तो पुन्हा उपचारांना गेला. या वेळी त्याला पोहोचवायला मी गेलो होतो. वाटेत मी क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘‘पेला मी घेतला, तू नाहीस. पण पुढच्या वेळी तुझ्याकडे कार्य असेल, तेव्हा माझ्या शेजारी येऊन बस.’’ मी त्या दिवशी सोडली. ‘दोनवर थांबणाऱ्या’ मलाही पहिले तीन महिने शनिवारची संध्याकाळ खायला उठत असे. तेव्हा कुठे, त्याने काय सोडले होते, याची अंधूकशी कल्पना मला आली. त्याला आता चार वर्षे पूर्ण झाली आहेत. पत्नी आणि मुलगी परतल्या आहेत. तो एका छोट्या साप्ताहिकासाठी मुद्रितशोधन करतो.

दर शनिवारी सातच्या सुमारास तो आमच्याकडे येतो. आमच्या घरी कांद्याची भजी होतात, चहा होतो, जुन्या वृत्तसंपादकांच्या नकला होतात. परवा धाकट्या सुनेने दूरध्वनीवर कोणाला तरी सांगितलेले मी ऐकले, ‘‘बाबा आणि काका बसलेत.’’ तिला त्या शब्दात वावगे असे काहीच वाटले नाही. तो शब्द पुन्हा इतकाच साधा झालेला मला घरोघर ऐकायचा आहे.